इसबाचं मूळ नेमकं कुठे? कारण वेगळं, निमित्त वेगळं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा चार वर्षांचा, सहाव्या महिन्यात गालांवर लाल चट्टे आले, आता कोपराच्या आत आणि गुडघ्यामागे कातडी जाड काळपट झालीय, रात्री खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे डाग, सात ट्यूबा झाल्या, एकाने सांगितलं रक्त खराब, दुसऱ्याने सांगितलं पोटात उष्णता, सहा महिने नुस्तं (मासे), अंडी, दूध सगळं बंद, तरी फरक नाही आणि वजन मात्र अडकलं, आणि सासूबाई म्हणतात गरोदरपणात तू सुंगटं (कोळंबी) खाल्लीस त्याचं हे फळ. शेवटी विचारलंय की मूळ कारण काय ते एकदा कुणीतरी नीट सांगा, आणि चवथीच्या सुमाराला दुसरं बाळ होणार आहे त्यालापण होईल का.

मी फोंड्यात बावीस वर्षं स्किनचीच प्रॅक्टिस करतेय आणि रोजच्या ओपीडीत असं एखादं तरी मूल असतंच, त्यामुळे दोन ओळींत उरकत नाही, जरा निवांत बसून वाचा.

सगळ्यात आधी, सुंगटांमुळे हे झालेलं नाही. गरोदर बाईने मासे, अंडी, दूध सोडलं तर बाळाचा इसब टळतो का हे तपासून झालंय आणि टळत नाही, उलट पथ्य करणाऱ्या आईचंच वजन हवं तितकं वाढत नाही. तुमचं आता दुसरं गरोदरपण चालू आहे म्हणून हे मुद्दाम वर लिहिलं, जे पचतंय ते सगळं खा. आणि रक्त खराब वगैरेही काही नसतं, रक्त शुद्ध करायची सिरपं चालू असतील तर थांबवा.

आता मूळ कारण. आपल्या भाषेत कारण आणि निमित्त असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इसबाच्या बाबतीत सगळा घोळ या दोघांची अदलाबदल झाल्यामुळे होतो. घाम आला, खाज वाढली. गोधडी झटकली, खाज वाढली. सर्दीताप आला, नवा कपडा घातला, साबण बदलला, खाज वाढली. ही सगळी निमित्तं. पण हाच घाम, हीच धूळ, हाच साबण शेजारच्या मुलाला काही करत नाही, तुमच्याच मुलाला का बाधतो, याचं उत्तर म्हणजे कारण. आणि ते उत्तर पोटात किंवा रक्तात शोधण्याआधी कातडीत शोधावं लागतं.

तुमचं जुनं घर चिऱ्याचं असेल तर पटकन कळेल. कातडीचा सगळ्यात वरचा थर, कागदापेक्षाही पातळ, तो अशीच एक भिंत आहे. चपट्या मेलेल्या पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्यामधल्या दरजा भरलेल्या असतात एका प्रकारच्या चरबीने, त्यात सेरामाईड नावाचा पदार्थ मुख्य. दरजा नीट भरलेल्या असल्या तर पाऊस कितीही कोसळू दे, भिंत आतून कोरडी राहते. दरजा पोकळ झाल्या की पाणी झिरपतं. कातडीच्या भिंतीत मात्र दोन्हीकडून गळती होते, आतलं पाणी बाहेर उडून जातं म्हणून अंग सुकं खरखरीत लागतं, आणि बाहेरचं नको ते, म्हणजे धूळ, साबण, जंतू, अन्नाचे कण, आत शिरतं.

ही भिंत जन्मतः कच्ची का असते याचं मोठं उत्तर २००६ साली मिळालं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात प्राध्यापक अर्विन मॅक्लीन यांच्या टीमने दाखवून दिलं की फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन बनवणारा जीन ज्यांच्यात अर्धवट आहे त्यांना इसब होण्याची शक्यता खूप वाढते. फिलॅग्रिन दोन कामं करतं. आधी पेशीच्या आतले तंतू आवळून तिला चपटी घट्ट करतं, म्हणजे चिरा नीट तासला जातो. मग ते स्वतः मोडतं आणि त्याच्या तुकड्यांपासून कातडीत पाणी धरून ठेवणारे आणि कातडी थोडी आंबट ठेवणारे पदार्थ बनतात. हो, निरोगी कातडी आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) साडेचार ते साडेपाच, आणि साधी साबणवडी असते नऊ-दहा, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. युरोपात दहातल्या साधारण एका माणसात हा दोष असतो. आशियात याच जीनमधले बिघाड वेगळ्या जागी सापडतात, म्हणून तिकडची टेस्ट इकडे जशीच्या तशी उपयोगाची नाही, आणि टेस्ट करून उपचार बदलत पण नाहीत, उगाच पैसे घालवू नका.

त्यापेक्षा मुलाला खिडकीच्या उजेडात न्या आणि तळहात बघा. अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर म्हाताऱ्या माणसासारख्या दाट रेषा दिसतात का? दंडाच्या मागे खरखरीत बारीक पुळ्या, किसणीवर हात फिरवल्यासारख्या? मग स्वतःचे आणि नवऱ्याचे हात बघा, नडग्या बघा, तिथे माशाच्या खवल्यांसारखी सुकी कातडी आहे का. मी ओपीडीत मुलाआधी आईबापांचेच हात उलटे करून बघते आणि पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं, बाप म्हणतो की माझे पाय लहानपणापासून असेच आहेत, आणि त्या क्षणी आईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसतं.

पण जीन म्हणजे सगळं नव्हे. हा दोष असलेल्या कित्येकांना आयुष्यात कधी इसब होत नाही, आणि इसब असलेल्या कित्येक मुलांचा हा जीन एकदम ठीक असतो. एकसारख्या जुळ्यांत एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता चारात तीन, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत चारात एक, एवढा अनुवंशाचा भाग मोठा आहे, पण तरी चारातलं एक एकसारखं जुळं सुटतंच ना. म्हणजे वरून आणखी काही लागतं.

ते आणखी काही म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती. लोक म्हणतात डॉक्टर याची प्रतिकारशक्ती कमी आहे का, काही टॉनिक द्या. कमी नाही हो, ती भलत्या बाजूला झुकलेली आहे. भिंतीतून काही आत शिरलं की कातडीच्या पेशी धोक्याची घंटा वाजवतात आणि मग जी फौज धावून येते ती जंतांशी लढायला असते तसली, ती इंटरल्युकिन ४ आणि १३ अशी रसायनं सोडते, त्याने कातडी लाल होते, सुजते, पाझरते. आणि इथे खरी गोम आहे, हीच रसायनं फिलॅग्रिन आणि सेरामाईड बनवणं मंदावतात. म्हणजे ज्या मुलाचा जीन धडधाकट आहे त्याचीसुद्धा भिंत सुजेमुळे कच्ची होते. भिंत फुटली म्हणून सूज आणि सूज आली म्हणून भिंत आणखी फुटली. सुरुवात कुठून झाली यावर तज्ज्ञांचे वाद चालत आलेत, बाहेरून आत की आतून बाहेर, माझ्या अनुभवात काही मुलं स्पष्ट एका बाजूची असतात आणि बरीचशी दोन्हीची सरमिसळ. या जातीच्या इसबाला ॲटोपिक म्हणतात, त्यातला ॲटोपी हा शब्दच मुळात ग्रीकमधून घेतलाय, अर्थ साधारण जागा सोडून असलेलं, विचित्र. १९२३ साली अमेरिकेत कोका आणि कुक या दोघांनी तो घडवला, कारण दमा आणि शिंका एकाच घराण्यात का फिरतात हे तेव्हा कळत नव्हतं. तुमच्या किंवा नवऱ्याच्या घरी कुणाला दमा, सकाळी उठल्या उठल्या दहा शिंका असं आहे का बघा, ते त्याच वेलीवरचं आहे.

खाजेबद्दल थोडं जास्त लिहिते कारण रात्रभर जागून तुमचं काय होत असेल ते मला माहीत आहे. या फौजेतलं एक रसायन, इंटरल्युकिन ३१, थेट कातडीतल्या नसांना चेतवतं. पित्त उठल्यावर गांधी येतात ती खाज हिस्टामिनची, आणि तिच्यावर ॲलर्जीची गोळी चालते. ही खाज मुख्यतः हिस्टामिनची नाहीच, म्हणून ॲलर्जीचं ते गुलाबी सिरप देऊन खाज थांबत नाही, गुंगी येऊन पोर झोपतं एवढंच. मग नख लागतं, भिंत आणखी उकरली जाते, त्यातून पुन्हा सूज, पुन्हा खाज. वर्षानुवर्षं खाजवून कातडी जाड, चामड्यासारखी होते, तुम्ही लिहिलेला काळपट भाग तो हाच. त्यामुळे "खाजवू नको" म्हणून त्याला ओरडू नका, त्याच्या हातात नाही ते, नखं दर दोन दिवसांनी कापा.

आणि जंतू. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा एक जंतू आहे, निरोगी आंबट कातडीवर त्याचं फारसं जमत नाही. इसबाच्या चट्ट्यांवर दहातल्या साधारण सात पेशंटांमध्ये तो ठाण मांडून असतो आणि त्याची विषं सूज वाढवतात. मधासारखी पिवळी खपली धरली की समजायचं हा माजलाय, दाखवायला जायचं. ती खपली संसर्गाचं लक्षण आहे, पण इसब स्वतः कुणाला लागत नाही, बालवाडीत मुलाला वेगळं बसवत असतील तर बाईंना हे स्पष्ट सांगा.

आता आपल्या गोव्यातली निमित्तं, पुस्तकात सगळी थंडीच्या देशांची लिहिलेली असतात म्हणून. तिकडे हिवाळ्यात वाढतो, इकडे माझी ओपीडी एप्रिल-मेमध्ये आणि परत पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात भरते, घामाने. कोपर, गुडघा, मान, जिथे घडी पडते तिथे घाम साचतो आणि मुलाला तिथेच इसब असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा सुका गारवा असतो त्यात वेगळ्या मुलांचा वाढतो, ज्यांची कातडी जात्याच सुकी आहे त्यांचा. पावसात भिंतींना बुरशी येते, कपाटातले कपडे वास मारतात, कापसाच्या गाद्या तीन महिने ऊन बघत नाहीत आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे, माईट्स, मजेत वाढतात. त्यांना हवेतली ओल लागते, पन्नास टक्क्यांखाली ते टिकत नाहीत, आणि आपल्या किनारपट्टीला तेवढी सुकी हवा असतेच कधी. या किड्यांच्या विष्ठेतला एक पदार्थ चिऱ्यांमधले सांधे अक्षरशः पचवून टाकतो, म्हणजे ॲलर्जी तर करतोच वर भिंतपण फोडतो. पावसाने उघडीप दिली की गाद्या उन्हात टाका, चादरी कडक गरम पाण्यात धुवा, मऊ खेळण्यांचा ढीग पलंगावरून हलवा.

घरातल्या सवयी पण. बाळाला डाळीचं पीठ लावून चोळून न्हाऊ घालणं, वर वेखंड-लोबानाची धुरी देणं, हे मायेनेच करतात, पण चोळण्याने भिंत खरवडते आणि धुराने कातडी आणखी सुकते. पिठाचा आणखी एक धोका आहे, त्यावर आता येते, कारण खाण्याचा विषय तिथूनच उलगडतो.

आपण धरून चाललेलो असतो की काहीतरी खाल्लं, ते बाधलं, म्हणून कातडीवर उठलं. पुष्कळ मुलांत क्रम उलटा असतो. कातडी आधी फुटते, अन्नाचे कण फुटक्या कातडीतून आत जातात, शरीर त्यांची ओळख शत्रू म्हणून करून घेतं आणि मग ते अन्न खाल्ल्यावर बाधतं. तेच अन्न आधी तोंडाने गेलं असतं तर शरीराने त्याला पाहुणा मानलं असतं. इंग्लंडमध्ये बाळांच्या चट्ट्यांवर शेंगदाण्याचं तेल असलेली क्रीम लावली जायची, त्या मुलांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसली. जपानमध्ये गव्हाचं प्रोटीन घातलेला तोंड धुवायचा साबण निघाला होता, तो वापरणाऱ्या शेकडो बायकांना नंतर गहू खाऊन त्रास व्हायला लागला, ज्या आयुष्यभर गहू खात होत्या. म्हणून सांगते, फुटक्या कातडीवर डाळीचं पीठ, दूध, साय असलं काही खाण्याचं लावू नका.

आणि २०१५ साली लंडनच्या एका मोठ्या अभ्यासाने हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं. जोरदार इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, अर्ध्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ खायला दिले, अर्ध्यांना पाच वर्षं पूर्ण बंद, आणि खाणाऱ्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी ऐंशी टक्क्यांनी कमी निघाली. बंद करून सुरक्षितता येते हा आपला समज एकदम उलटा पडला.

मग तुमच्या मुलाचं नुस्तं बंद करणं बरोबर की चूक? खरी अन्नाची ॲलर्जी जोरदार इसब असलेल्या तीनातल्या एका मुलात असू शकते, ती लपून राहत नाही, खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, ओठ सुजणं, उलटी असं होतं. असं कधी झालं असेल तर तो पदार्थ बंदच ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. तसं काही कधी झालं नसेल, नुसत्या रक्तातल्या रिपोर्टवर चाळीस पदार्थांपुढे फुल्या आल्या म्हणून सगळं बंद केलं असेल, तर त्या रिपोर्टला फार किंमत देऊ नका, इसबाच्या मुलांत अशा फुल्या खोट्या पण खूप येतात. सहा महिन्यांत इसबात फरक पडला नाही, वजन मात्र अडकलं, हे तुम्हीच लिहिलंय. फक्त एक करा, एकदम घरी बांगडा ताटात वाढू नका, जास्त दिवस बंद ठेवलेला पदार्थ परत सुरू करताना क्वचित जोरात रिॲक्शन येते, डॉक्टरांशी बोलून एकेक करून सुरू करा.

आमच्या आजीच्या वेळी कुठे होतं हे सगळं, हाही प्रश्न येतो. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने बघितलं की ज्या मुलांना मोठी भावंडं जास्त त्यांना शिंका आणि इसब कमी, आणि तिथून लहानपणी जंतूंशी ओळख कमी पडते म्हणून शरीर बिथरतं हा विचार पुढे आला. गोठा, माती, भरलं घर यांचा फायदा दमा आणि शिंकांत चांगला दिसतो, इसबात पुरावा तेवढा भक्कम नाही, तेव्हा पर्वरीचा फ्लॅट सोडून गावी राहायला जा असं मी कुणाला सांगत नाही.

आता त्या सात ट्यूबा. मला खात्री आहे की त्यातल्या निदान दोन-तीन फार्मसीतून मागून आणलेल्या आहेत ज्यात एकाच ट्यूबमध्ये जबरदस्त स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही भरलेलं असतं. दोन दिवसांत जादू, बंद केलं की दुप्पट. २०१८ पासून अशी स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे तरी मिळतात आणि मी लहान पोरांच्या मांड्यांवर चरे आणि गालांवर पातळ लाल कातडी बघते तेव्हा मनापासून त्रास होतो. पण म्हणून स्टेरॉईडलाच घाबरू नका, ही दुसरी चूक मला तेवढीच दिसते. योग्य ताकदीचं, डॉक्टरने सांगितलेलं, फक्त चट्ट्यावर, दिवसातून एकदा, मोठ्या माणसाच्या बोटाच्या पहिल्या पेरावर मावेल एवढं मलम मोठ्या माणसाच्याच दोन तळहातांएवढ्या जागेला, कातडी हाताला पूर्ण गुळगुळीत लागेपर्यंत. सूज मोडली की वर सांगितलेलं चक्र तुटतं, भिंत परत बांधायला शरीराला वेळ मिळतो. लोक म्हणतात हे दाबतं, मुळावर इलाज नाही. मुळातला जीन आज कुणी बदलू शकत नाही, पण सूज हीसुद्धा मुळाचाच भाग आहे. अगदी जोरदार आजारात आता इंटरल्युकिन ४ आणि १३ चं काम अडवणारं डुपिलुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०१७ ला परवानगी मिळाली, महाग आहे, आणि तुमच्या मुलाला त्याची गरज पडेल असं वर्णनावरून वाटत नाही.

आणि रोजची भिंतीची डागडुजी, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं आंघोळ, साबणवडी नको, कमी पीएचचं क्लिन्झर फक्त लागेल तिथे, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर. चिमूटभर नाही, चार वर्षांच्या पोराला आठवड्याला पावशेर तरी संपलं पाहिजे. महागडं परवडत नसेल तर साधं व्हॅसलीन चालतं. आपलं घाण्याचं खोबरेल पण चांगलं आहे, फिलिपिन्समध्ये मुलांवर तपासलंय, फक्त आंघोळीनंतर लावायचं, आधी लावून साबणाने काढून टाकायचं नाही. सरसोचं आणि ऑलिव्हचं तेल नको, ते भिंत बिघडवतं. भिरंडेल (कोकमाचं तेल) टाचांच्या भेगांना उत्तम, पण मुलाच्या सगळ्या अंगाला चोळायला फार कडक पडतं. खेळून घामाघूम आला की साध्या पाण्याने अंग धुवून परत मलम.

दोन गोष्टी मात्र आधी बघून घ्या. घरात अजून कुणाला रात्री खाज येते का, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या आहेत का? असतील तर तो इसब नाही, खरूज असेल, किंवा इसबावर खरूज, तिचा इलाज वेगळा आणि सगळ्या घराने एकाच दिवशी करायचा. आणि कधी ताप येऊन चट्ट्यांवर एकसारखे दुखरे, मध्ये खळगा पडलेले फोड उठले तर ती हर्पिसची लागण असू शकते, उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या.

दुसऱ्या बाळाचं. एका भावंडाला आहे म्हणून शक्यता सर्वसाधारण बाळापेक्षा जास्त आहे, पण होईलच असं अजिबात नाही. जन्मल्यापासून रोज मलम चोपडलं तर टळेल ही आशा आम्हा सगळ्यांना होती, २०२० साली ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर करून बघितलं आणि टळलं नाही. त्यामुळे बाळाला पहिल्या दिवसापासून क्रीममध्ये बुडवू नका, पीठ आणि धुरी टाळा, अंगावरचं पाजा, आणि सहाव्या महिन्यात पेजेबरोबर अंडं, मासे, शेंगदाण्याचं कूट हळूहळू चाखवायला सुरुवात करा, मागे ढकलू नका. मात्र तोपर्यंत गालांवर चट्टे आलेले असतील तर आधी ते आटोक्यात आणा आणि अंडं-शेंगदाणे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. असे चट्टे बघताना एक खूण लक्षात असू दे, लंगोटाखालची कातडी इसबात बहुतेक स्वच्छ राहते, तिथेच लाल असेल तर कारण दुसरं असतं.

मोठ्याला दाखवायला न्याल तेव्हा त्या सातही ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. आणि त्या दिवशी सकाळी मलम लावू नका, कातडी आहे तशी दिसू दे.